जळका वास: आधी रस्ता आठवा, मग बोनेट उघडा

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळची वेळ. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरलेल्या गाड्या पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात आणि चहाला थांबतात. त्यातल्या एखाद्या गाडीतून जळका वास सुटलेला असतो आणि मालक बोनेट उघडून आत डोकावत असतो. वास येतोय पुढच्या चाकांतून, शोध चाललाय इंजिनात. अशा वेळी गॅरेजवाल्याला बोलावलं तर तो आधी बोनेटकडे बघतच नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, "कुठनं आलात, दादा?" आणि दुसरा, "कुठल्या गिअरवर उतरलात?"

या दोन प्रश्नांत निम्मं निदान होऊन जातं. आपण मात्र वासाचं वर्णन करत बसतो: रबरासारखा, कागदासारखा, तेलकट, गोडसर. वर्णन उपयोगी आहे, पण नाक फसतं. ब्रेकचं पॅड आणि क्लचची प्लेट या दोन्हींचं काम घासण्याचं. दोन्हींत तंतू आणि भुकटी राळेने घट्ट बांधलेली असते, त्यामुळे तापल्यावर दोन्हींचा वास बराचसा सारखा येतो. गाडीत बसलेल्याला तो एसीच्या झरोक्यातून येतो, म्हणून इंजिनातूनच येतोय असं वाटतं. वास येण्याआधीच्या दहा मिनिटांत गाडी उतरत होती, चढत होती की सपाटीवर सरळ धावत होती, हे सांगितलं तर मात्र संशयितांची यादी एकदम आखडते.

हे समजून घ्यायला महाड-पोलादपूरचा मुलूख सोयीचा आहे. पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. पूर्वेला आंबेनळी घाट प्रतापगडाच्या अंगाने महाबळेश्वरला चढतो. दक्षिणेला कशेडी घाट ओलांडला की खेड. उत्तरेला महाडपर्यंत महामार्ग बराचसा सपाट, आणि महाडहून पुन्हा पूर्वेला वरंध घाट भोरकडे जातो. ढोबळ नियम असा: उतारावर वास आला तर ब्रेक, चढावर आला तर क्लच, आणि सपाटीवर काही कारण नसताना आला तर कुठेतरी बिघाड.

उतार: सोळा मेगाज्यूलचा हिशेब

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तिथून पोलादपूरपर्यंतच्या सुमारे ४० किलोमीटरमध्ये गाडी बाराशे मीटरहून जास्त खाली येते. लहान गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून १,३०० किलो धरले, तर उंचीमुळे त्या वजनात साठलेली ऊर्जा भरते सुमारे १६ मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं ४५ लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. पायथ्याशी गाडी थांबते तेव्हा ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरलेली असते.

त्यातला जवळपास निम्मा भाग टायरचं लोळणं आणि हवेचा अडथळा यांत जातो. उरलेला निम्मा ब्रेक आणि इंजिन यांनी वाटून घ्यायचा असतो. वाटणी कशी व्हायची, ते चालवणाऱ्याच्या डाव्या हातात असतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. हवा ओढण्यात, दाबण्यात आणि आतल्या घर्षणात ताकद खर्च होते, आणि ती उष्णता रेडिएटर व सायलेन्सरवाटे बाहेर पडते. गाडी चौथ्यात ठेवली की हा वाटेकरी फारसं उचलत नाही, न्यूट्रलमध्ये तर निघूनच जातो, आणि जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून लोखंड असतं दहा-बारा किलो. शहरात त्या शंभर-दोनशे अंशांच्या आत राहतात, पण घाटात सतत घासत उतरलं की तीनशे-चारशेचा आकडा सहज गाठतात. तीनशेच्या पुढे पॅडमधली राळ विघटित होऊन तिचा वायू सुटू लागतो. पोलादपूरच्या टपरीवर नाकाला लागतो तो हाच.

न्यूट्रलमध्ये उतरलं की पेट्रोल वाचतं, ही समजूत अजून टिकून आहे. इंजेक्शनच्या इंजिनांत ती उलटी लागू पडते. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा थांबतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरतच असतं. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला थोडं पेट्रोल जाळावंच लागतं. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचा खेळ. ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-चार दाबांत रिकामा होतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आजच्या गाड्यांची ताकद वाढल्याने चढताना वरचा गिअर चालून जातो, म्हणून उतरताना त्याहून एक खालचा घ्यावा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. वेग वाढला की ठामपणे दाबावा, हवा तेवढा कमी झाला की पाय पूर्ण उचलावा.

वास आला आणि पेडल घट्ट असेल तर घाबरण्याचं कारण नाही. शक्य असल्यास सपाट रस्त्यावर एक-दोन किलोमीटर सावकाश, ब्रेक न लावता चालवावं, कारण फिरत्या चाकाला हवा मिळते आणि डिस्क सगळीकडून सारखी थंड होते. मग गाडी उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा. तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढून ठेवू नये, बाटलीतलं पाणीही ओतू नये. तापलेलं लोखंड एकदम आक्रसलं की डिस्क वाकडी होते किंवा तिला तडे जातात, आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

पेडल मऊ लागत असेल, खाली जात असेल, तर प्रकरण वेगळं. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाक मात्र थांबत नाही. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल पहिल्यासारखं घट्ट लागतं, आणि मालक म्हणतो, "झालं बरोबर!" बरोबर काहीच झालेलं नसतं, पुढच्या घाटात तेच होणार असतं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचा रिवाज आहे. इथल्यासारख्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या भागात तो पाळायलाच हवा.

घाटातच पेडल बसलं तर ते भराभर पंप करावं, गिअर एकेक करून खाली आणावा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, आणि गाडी दरीच्या बाजूला न नेता डोंगराच्या अंगाला गटाराकडे घ्यावी. पत्रा घासला तर घासू द्यावा.

गॅरेजमध्ये चाक उतरवलं की ब्रेक किती तापले होते ते डोळ्यांना दिसतं. डिस्कवर निळसर-जांभळी कडी उमटलेली असतात. पॅडचा एरवी खरखरीत लागणारा चेहरा काचेसारखा गुळगुळीत होऊन चमकतो. पॅड ग्लेझ झालं म्हणतात ते हेच. वरवर ग्लेझ असेल आणि माल पुरेसा उरला असेल तर पॉलिश पेपरने घासून पॅड पुन्हा बसवता येतं. माल तीन मिलिमीटरच्या खाली गेला असेल, पॅडला तडे गेले असतील किंवा कडा भुसभुशीत झाल्या असतील तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तेवढी उरली नसेल तर डिस्कही बदलावी.

सपाटी: एकच चाक का तापलं?

आता महाड ते पोलादपूर असा सपाट प्रवास घ्या. ना घाट, ना फारसा ब्रेक, आणि तरी उतरल्यावर वास येतोय. इथे चालवण्याचा दोष नाही, काहीतरी अडकलंय.

तपासायची रीत सोपी आहे. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून शेवटी शक्य तितका कमी ब्रेक लावत थांबवावी. मग चारही चाकांभोवती फिरून प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू न्यावी. हात टेकवू नये, भाजतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, कारण ब्रेकचं जास्त काम तीच करतात. बघायचं ते डावं-उजवं. पुढचं डावं कोमट आणि उजवं भट्टी, असं असेल तर चोर सापडला. पिस्तुलासारखा तापमापक असेल तर काम आणखी सोपं. गाडी एका बाजूला ओढत असेल, अ‍ॅव्हरेज पडलं असेल, सपाटीवर न्यूट्रलमध्ये सोडल्यावर गाडी लगेच थांबत असेल, तर हे सगळे त्याच चाकाविरुद्धचे साक्षीदार.

बहुतेक वेळा अडकतो तो पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. प्रत्येक पिनेवर एक छोटा रबरी बूट असतो. तो फाटला की पावसाचं पाणी आत शिरतं, ग्रीस वाहून जातं आणि पिनेवर तांबूस गंज चढतो. ब्रेक दाबल्यावर कॅलिपर सरकतो, पण सोडल्यावर परत येत नाही, आणि पॅड डिस्कला टेकून घासत राहतं. अशी पिन हाताने ओढून बघा, तसूभरही हलत नाही. साफ करून ग्रीस लावल्यावर तीच पिन बोटाने सरकते. इलाज इतका साधा असतो, फक्त ग्रीस ब्रेकसाठी असलेलंच हवं. नेहमीच्या खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा तिथेच.

पिना मोकळ्या असूनही चाक जाम असेल तर जाणकार मेकॅनिक आणखी एक परीक्षा करतो. चाक जॅकवर उचलून, बाकीच्या चाकांना दगड लावून, कॅलिपरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करतो. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहिला होता. बहुतेक वेळा जुनी रबरी नळी आतून फुगलेली असते. ऑइल जाऊ देते, पण परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक फिरत नसेल, तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय. नळी बदलायची की कॅलिपरला किट टाकायचं, हे या एका परीक्षेवर ठरतं. ती न करता सगळंच बदलायला सांगणाऱ्याला आधी ती करायला सांगावी.

मागच्या चाकांत ड्रम असतील तर पहिला संशय हँडब्रेकवर. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस अंगणात उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतं. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांना हा त्रास हमखास होतो. निघताना गाडी जोर लावून सुटते, पण केबल गंजलेली असेल तर लायनर घासत राहतं आणि माणगावपर्यंत वास सुरू होतो. म्हणून कोकणात पावसाळ्यात गाडी सपाटीवर उभी करताना हँडब्रेकऐवजी गिअर आणि दगड यांवर भिस्त ठेवावी.

महाडमध्ये या यादीला एक वेगळं प्रकरण जोडावं लागतं: पूर. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारीच्या पुरात शहर बुडालं, आणि पाणी ओसरल्यावर मागे राहिला तो गाळ. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण बारीक गाळ ड्रमच्या आत, चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत बसून राहतो. ब्रेक जाम होणं, बेअरिंगचं ग्रीस जळणं, हे पुढे काही महिन्यांनी सुरू होतं. जळक्या वासाबरोबर वेगानुसार वाढणारा घुंगुं आवाज येत असेल तर बेअरिंग धरावं. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. धुताना विसरलेली गाळाची रेघ तिथे हमखास सापडते.

चढ: न हलणाऱ्या गाडीतली आग

चढावरचा वास बहुतेक वेळा क्लचचा. महाबळेश्वरच्या अलीकडे सुट्टीच्या दिवशी रांग लागते, गाड्या दोन हात सरकतात आणि थांबतात. चालक हँडब्रेक ओढायचा कंटाळा करतो आणि अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतो. गाडी जागेवरच असते, म्हणून काही झिजतंय असं वाटत नाही.

प्रत्यक्षात चित्र असं आहे. दहात एक अशा चढावर १,३०० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर धरली आणि इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्या फिरत असेल, तर क्लचमध्ये सुमारे चार किलोवॉट उष्णता तयार होते. एका मिनिटाला जवळपास अडीचशे किलोज्यूल. ब्रेकच्या डिस्कला निदान वारा लागतो, क्लच गिअरबॉक्सच्या तोंडाशी बंद घरात असतो. तिथली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि वासही बराच वेळ रेंगाळतो. म्हणून चढावर थांबायचं तर हँडब्रेक. सुटताना क्लच पकडायला लागला, गाडीचं नाक किंचित उचललं, की हँडब्रेक सोडायचा. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे. चढणारी गाडी थांबवली की पुन्हा उचलताना तिचा क्लच घासतो आणि ती मागे घसरायचा धोका असतो.

एएमटी गाड्यांना क्लचचं पेडल नसतं, पण क्लच असतो. पेडल नाही म्हणून चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणारे तोच क्लच जाळत असतात. यंत्र दाबतंय एवढाच फरक. तिथेही थांबलं की पाय ब्रेकवर असावा.

वास आला की बाजूला घेऊन गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा, क्लचवरून पाय पूर्ण काढावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबावं. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेलीच असं नाही. थंड झाल्यावर मोकळ्या चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघावा. इंजिनाचा आवाज आणि फेऱ्या वाढल्या पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. पेडल अगदी वर आल्यावर क्लच पकडत असेल तर प्लेट झिजत आली. केबलचा क्लच असेल तर आधी केबलचं सेटिंग बघावं. पेडलला थोडी ढील नसेल तर क्लच सतत किंचित दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही घसरते.

प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरीच मोठी. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट एकाच वेळी टाकावा. गिअरबॉक्स खाली असताना फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, आणि मागचं ऑइल सील पाझरतंय का तेही विचारावं. सील गळत असेल तर नवी प्लेट तेलकट होऊन काही महिन्यांत पुन्हा घसरेल.

चढावर अर्ध्या क्लचवर तोललेल्या गाड्यांचं दृश्य कशेडीत आता कमी झालं आहे. २०२३च्या गणपतीआधी सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याची एक बाजू सुरू झाली आणि लहान गाड्यांचा जुना घाट टळू लागला. वाहतुकीची कोंडी मात्र टळलेली नाही, आणि रांगेत इंचाइंचाने सरकणारी गाडी सपाटीवरही क्लच जाळू शकते. पुढच्या गाडीमागे दर वेळी सरकण्यापेक्षा दहा-पंधरा फूट जागा होऊ द्यावी आणि मग क्लच पूर्ण सोडून पहिल्यात जावं.

बोनेटखाली: गाडी थांबल्यावर वाढणारा वास

चालताना जेमतेम जाणवणारा आणि थांबल्यावर वाढणारा वास असेल तर आता बोनेट उघडायला हरकत नाही. चालत्या गाडीत वारा वास मागे उडवून नेतो, थांबली की तो वर येतो.

तेलकट, उग्र वास आणि निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकतंय. नेहमीचा आरोपी टॅपेट कव्हरचं पॅकिंग. रबर कडक होतं, कडेने तेल पाझरतं. डिपस्टिकवर पातळी बघावी, गाडी जिथे उभी राहते तिथे खाली पुठ्ठा टाकून सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहावं. पॅकिंग स्वस्त असतं आणि काम तास-दीड तासाचं. नुसतेच बोल्ट आवळून घेऊ नयेत, त्याने कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

गोडसर वास कूलंटचा. टेंपरेचरचा काटा वर जातोय का, टाकीतली पातळी उतरलीय का, एवढं बघावं. गरम रेडिएटरचं झाकण काही झालं तरी उघडू नये, आतलं दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. घाट चढताना काटा लाल रेघेकडे गेला तर एसी बंद करून बाजूला घ्यावं. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडी जाणार नाही असं पुसून टाकावं.

रबर जळल्याचा वास आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट घसरतोय. एसी लावल्यावरच वास येत असेल तर कॉम्प्रेसर जाम होत असण्याची शक्यता. गाडी गच्च भरल्यावर वळणावर रबराचा वास आला तर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतोय का ते बघावं.

प्लास्टिकचा वास: इथे थांबायचंच

वरच्या बहुतेक प्रकारांत विचार करायला वेळ मिळतो. वायर जळल्याचा, प्लास्टिकचा झोंबणारा वास आला तर तो नाही. गाडी लगेच बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, सगळ्यांनी उतरून लांब उभं राहावं. धूर दिसत नसेल तरच बॅटरीची वजा बाजू सोडावी. बोनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नये, हवा मिळाली की आग भडकते. ११२ला फोन करावा. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर हा जळका वास नव्हे, पण वागायचं तसंच: इंजिन बंद, सिलिंडरची झडप बंद, काडी-सिगारेट दूर.

कारणं बहुतेक वेळा आपणच पेरलेली असतात. बाहेरून बसवलेले फॉग लॅम्प, मोठे हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांच्या वायरी रिले आणि फ्यूजशिवाय जोडलेल्या असतात. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात आणि इंजिनाच्या उबेला घरटं करतात. आधी घरटं जळतं, मग वायर. पुरात भिजलेल्या जोडांवर हिरवट गंज चढतो आणि तिथे वायर तापते. फ्यूज उडाला की त्याच अँपिअरचा दुसरा घालावा. पुन्हा उडाला तर दोष शोधावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून वेळ मारून नेली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

घाबरू नये असे वास

नवे पॅड किंवा नवी क्लच प्लेट टाकल्यावर पहिले काही दिवस थोडा वास येतो. सर्व्हिसिंगच्या वेळी सांडलेलं ऑइल मॅनिफोल्डवर जळून संपेपर्यंत वास येतो. दोन दिवसांत गेला नाही तर झाकण आणि फिल्टर घट्ट आहेत का ते बघावं. रस्त्यावरची पिशवी सायलेन्सरला चिकटली की प्लास्टिकचा वास येतो, तेव्हा वाकून खाली एकदा बघावं. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवरच्या गाळणीत साचलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास जाळते. त्या वेळी उष्ण, जळका वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. हे तिचं नेहमीचं काम. मात्र तेव्हाच, किंवा घाट चढून आल्या आल्या, गाडी वाळक्या गवतावर उभी करू नये. उन्हाळ्यात कोकणातल्या माळावर एक ठिणगी पुरते.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"वास येतो, बघा जरा" एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला सगळी गाडी हुंगत बसावं लागतं, आणि ती हुंगण्याची मजुरी बिलात येते. चार गोष्टी सांगाव्यात. कुठल्या रस्त्यावर आणि कुठल्या गिअरमध्ये आलात. वास चालताना आला की थांबल्यावर. चाकांपैकी कुठलं जास्त गरम होतं. आणि गेल्या महिन्याभरात गाडीला काय काम केलं, ती किती दिवस उभी होती, पाण्यात गेली होती का. वास प्रत्येक वेळी येत नसेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक चक्कर मारावी. जागेवर उभ्या गाडीत घाटातला दोष दिसत नाही.

चालवत राहायचं की थांबायचं, याचा निकाल असा. प्लास्टिकचा वास, धूर, बसलेलं पेडल किंवा लाल रेघेवरचा काटा यांपैकी काहीही असेल तर गाडी आहे तिथेच थांबवावी आणि ओढून न्यावी. एकच चाक तापतंय, क्लच घसरतोय किंवा तेल ठिबकतंय, तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल, घाटात मात्र नाही. दोन्ही पुढची चाकं सारखी तापली आहेत, पेडल घट्ट आहे आणि घाट नुकताच उतरलात, तर अर्धा तास थांबून पुढे निघावं. पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते त्या अर्ध्या तासातच आठवून बघावं. आठवत नसेल, तर पुढचा घाट चढण्याआधी बदलून घ्यावं.